मोठी पीडीएफ फोडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठी पीडीएफ फोडून तिच्या लहान फाइली करणे म्हणजे कागदांचा गठ्ठा उसवणे नव्हे. मूळ फाइल जागच्या जागी राहते. संगणक तिच्यातली निवडलेली पाने उतरवून घेतो आणि त्यांची नवी फाइल बांधतो. त्यामुळे ‘एकदा फोडली की मूळ फाइल गेली’ ही धास्ती निराधार आहे. ज्या नावाने मूळ फाइल आहे त्याच नावाने नवी जतन केली, तरच ती जाते.

या कामाची गरज सर्वांत जास्त पडते ती अर्ज भरताना. शिंदखेडा तालुक्यातल्या दोंडाईच्यासारख्या बाजारपेठेच्या गावात पीक कर्ज, वारसनोंद, शिष्यवृत्ती अशा कामांसाठी सातबारा, आठ-अ, फेरफार, पासबुक हे सारे एका दमात स्कॅन होऊन एकच जाडजूड फाइल तयार होते. अर्जात मात्र प्रत्येक कागद वेगळा आणि ठरावीक एमबीच्या आत मागितलेला असतो.

इथेच सर्वांत पक्का गैरसमज आडवा येतो: फोडली की फाइल हलकी होते. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे पोते सोडून पिशव्या भरल्या, तर एकूण वजन घटत नाही, फाइलीचेही तसेच. शिवाय मिरची सारखी वाटता येते, पाने येत नाहीत. वीस पानांची 10 एमबीची फाइल मधोमध फोडली की 5-5 एमबीचे भाग मिळतील असे नाही. टाइप केलेले पान काही केबींत मावते, रंगीत स्कॅनचे एकच पान कित्येक एमबी खाते. ए-4 कागद 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 बिंदू धरून, स्कॅन केला की 2480 गुणिले 3508 बिंदूंचे चित्र तयार होते. रंगीत असेल तर दाबून बसवण्यापूर्वी ते सुमारे 26 एमबी भरते, करड्या छटांत 8.7 एमबी आणि निव्वळ काळे-पांढरे असेल तर जेमतेम 1.1 एमबी. डीपीआय 150 वर आणला की बिंदू एक चतुर्थांश उरतात. म्हणून मर्यादा 2 एमबीची आणि एकच पान 3 एमबीचे असेल, तर फोडून काहीही साधत नाही. ते पान करड्या छटांत, कमी डीपीआयला पुन्हा स्कॅन करणे हाच खरा उपाय.

उलट, तुकड्यांची बेरीज मूळ फाइलीपेक्षा जास्तही भरू शकते. शंभर पानांच्या फाइलीत देवनागरी फॉन्ट एकदाच साठवलेला असतो आणि सगळी पाने तोच वापरतात. प्रत्येक पान वेगळे केले की प्रत्येक फाइलीला त्याची स्वतंत्र प्रत द्यावी लागते. काही साधने तर एका पानासोबत साऱ्या फाइलीचे सामान ओढून आणतात. मग एका पानाची फाइल जवळपास मूळ फाइलीएवढीच भरते.

यापेक्षा गंभीर गैरसमज आहे तो काढून टाकलेले पान फाइलीतून गेलेच असे मानण्याचा. पीडीएफ ही रचना अ‍ॅडोबी कंपनीने 1993 मध्ये आणली आणि 2008 मध्ये ती आयएसओ 32000 या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात कोणती वस्तू फाइलीत कुठे आहे याची सूची शेवटाला असते, आणि केलेला बदल जुन्या मजकुराला हात न लावता त्याच्या मागे जोडण्याची मुभा असते. अशा रीतीने जतन केलेल्या फाइलीत ‘काढलेले’ पान फक्त सूचीतून उतरते, आत तसेच पडून राहते आणि जाणकाराला परत मिळते. आधार क्रमांकावर काळी चौकट ठेवण्याचीही तीच गत: चौकटीखालची अक्षरे निवडून कॉपी करता येतात. खासगी पान खरोखर वगळायचे असेल, तर हवी तेवढीच पाने घेऊन नवी फाइल बांधावी आणि तिचा आकार पाहावा. दोन पानांची साधी फाइल नऊ एमबी दाखवत असेल, तर आत आणखी काही राहिले असण्याची शंका घ्यावी.

डिजिटल सहीबद्दलचा घोळ लोकांना प्रत्यक्ष हेलपाटे घालायला लावतो. महाराष्ट्रात 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. ती सही पानावरच्या शाईसारखी नसते. फाइलीतल्या नेमक्या मजकुरावरून काढलेल्या गणिती ठशाशी ती बांधलेली असते. फाइलीतून एक पान वेगळे केले, किंवा तीच फाइल ‘प्रिंट टू पीडीएफ’ने पुन्हा काढली, की नव्या फाइलीत सहीची चौकट दिसली तरी सहीची पडताळणी होत नाही. ई-आधारलाही हेच लागू आहे. सही असलेली फाइल फोडू नये, उतरवून घेतली तशीच अखंड जोडावी.

फोडल्याने अक्षरे फिकट होतात, हा समज मात्र खोटा. पाने जशीच्या तशी उतरतात. फिकटपणा येतो तो पानांचे जेपीजी फोटो करून पुन्हा पीडीएफ बनवल्याने. या कामाला इंटरनेट हवेच, हेही खरे नाही. क्रोममध्ये फाइल उघडून छपाईच्या खिडकीत ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडावे आणि पानांच्या रकान्यात 3-5 असे लिहावे. तेवढी पाने वेगळी होतात. पीडीएफसॅम बेसिक आणि क्यूपीडीएफ ही मोफत साधनेही संगणकावरच काम करतात. जमिनीचे आणि बँकेचे कागद अनोळखी संकेतस्थळावर चढवण्याचे त्यामुळे काहीच कारण उरत नाही.

पुस्तक फोडताना वेगळीच चूक होते. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड 1880 मध्ये निघाला. अशा जाड ग्रंथाच्या स्कॅनमधून एखादे प्रकरण काढताना अनुक्रमणिकेतला पृष्ठांक घालून चालत नाही. मुखपृष्ठ, प्रस्तावना, नकाशे धरून फाइलीतला क्रमांक पुढे सरकलेला असतो. आधी एक पान उघडून हा फरक मोजावा आणि तो प्रत्येक आकड्यात मिळवावा. मध्येच बिनआकड्याचा नकाशा आला तर पुन्हा मोजावा. शोधता येणारा मजकूर पानासोबत येतो, पण दुसऱ्या प्रकरणाकडे नेणारे दुवे निकामी होतात. ग्रंथाच्या शेवटची सूचीही वेगळी काढून सोबत ठेवावी. भागांना नावे देताना 1, 2 न लिहिता 01, 02 लिहावे. नाहीतर काही ठिकाणी पहिल्या भागानंतर थेट दहावा उघडतो.