आता धडकणार… आणि नेमका तिथंच झटका! जत्रेतला ‘ब्रेक डान्स’ तुम्हाला कसा फसवतो?

चैत्र पौर्णिमा आली की येरमाळ्याचे रस्ते माणसांनी भरून जातात. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं हे गाव. इथं येडेश्वरी देवीची यात्रा भरते, पालखी आमराईत येते, लाखो भाविक चुनखडी वेचतात. आणि यात्रा म्हटली की दर्शन झाल्यावर पोरं आईबापाचा हात ओढत निघतात ती थेट पाळण्यांकडं. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस असो नाहीतर एखाद्या खेड्यातली दोन दिवसांची जत्रा, सगळ्यात जास्त किंकाळ्या ऐकू येतात त्या ब्रेक डान्सच्या तंबूतून.

यात बसलेल्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. समोरून दुसरा टब सुसाट अंगावर येतो. आता धडक बसणार म्हणून तुम्ही डोळे मिटता, पाय आखडून घेता. आणि अगदी शेवटच्या क्षणी तुमचा टब गर्रकन फिरून बाजूला जातो.

नशीब? नाही. तो टब तुम्हाला धडकूच शकत नाही.

दोन खिळे, दोन दोऱ्या

घरी करून बघा. फळीवर एका हाताच्या अंतरावर दोन खिळे ठोका. प्रत्येक खिळ्याला एक दोरी बांधा. दोन्ही दोऱ्यांची लांबी मिळून खिळ्यांमधल्या अंतरापेक्षा थोडी कमी ठेवा. आता दोऱ्या कशाही गरागरा फिरवा, त्यांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत. जवळ येतील, अगदी चार बोटांवर येतील, पण लागणार नाहीत.

ब्रेक डान्सचं मूळ गणित हेच. ही राइड जर्मनीच्या हुस कंपनीनं १९८० च्या दशकात आणली आणि पुढं तिच्या नकला जगभरच्या जत्रांमध्ये पोचल्या. मोठी फिरती तबकडी, तिच्यावर फिरणारे छोटे चरक आणि प्रत्येक चरकावर स्वतःभोवती फिरणारे टब. चरकांचे मधले खांब म्हणजे आपले खिळे. दोरीच्या लांबीत टबचं सगळ्यात बाहेर आलेलं टोकसुद्धा धरलेलं असतं. याच जातीच्या काही राइडमध्ये दोन वर्तुळं चक्क एकमेकांत घुसतात. तिथं वेळ गिअरनं बांधलेली असते. एकाचा टब आत येतो तेव्हा समोरच्याची मोकळी जागाच तिथं असते.

मग भीती का वाटते? कारण शेजारचे दोन चरक एकाच दिशेनं फिरत असतील, तर जिथं ते सगळ्यात जवळ येतात तिथं त्यांचे टब उलट दिशांनी जात असतात. तुमचा वेग ताशी २० किलोमीटर आणि त्याचाही २०, तर तो तुम्हाला ४० नं येताना दिसतो. वस्तू डोळ्यात किती झपाट्यानं मोठी होतेय, यावरून मेंदू धडकेची वेळ ठरवतो. खिळे आणि दोऱ्या त्याला दिसत नाहीत.

खोपोलीत हेच, फक्त लोखंड जास्त

हाच खेळ मोठ्या प्रमाणात बघायचा असेल तर खोपोलीच्या इमॅजिकाचं ‘नायट्रो’ घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या पार्कमधला हा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड कंपनीनं बनवलाय. वेग ताशी साधारण १०५ किलोमीटर. गाडीला तळच नाही. गाडी स्टेशनमधून सुटण्याआधीच पायाखालची फरशी सरकते आणि पाय अधांतरी लोंबतात.

या वेगात माणूस सेकंदाला जवळपास २९ मीटर जातो. पापणी लवायला ०.२ सेकंद धरले तरी तेवढ्यात पावणेसहा मीटर मागं पडले. समोरचा खांब डोक्यावरून किती अंतरानं गेला, हे कळायला वेळच मिळत नाही. डिझायनर याचाच फायदा घेतात. वळण असं देतात की खांब थेट कपाळावर येतोय असं वाटावं, आणि रूळ शेवटच्या क्षणी खाली वळावा.

प्रत्यक्षात ते अंतर मोजूनमापून ठेवलेलं असतं. उंच माणूस सीटवर पट्ट्यात अडकून बसलाय, हात वर आणि बाजूला पूर्ण ताणलेत, असं धरून त्याच्याभोवती एक अदृश्य पेटी आखतात. तिच्याबाहेर आणखी थोडी जागा सोडतात. मग त्या मापाचा सांगाडा गाडीवर बसवून ती सावकाश पूर्ण रुळावरून फिरवतात. तो कुठंही घासला तर राइड सुरू होत नाही.

दीड फुटाची गंमत महागात पडली

मात्र त्या पेटीत माणूस मोजलेला असतो. त्याच्या हातातला मोबाईल नाही.

याच स्विस कंपनीनं अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कसाठी ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ बनवला होता. १९९९ मध्ये तो सुरू झाला. दोन कोस्टर एकमेकांवर चाल करून यायचे आणि प्रवाशांचे लोंबते पाय जेमतेम दीड फुटावरून एकमेकांना चुकवून जायचे. त्यासाठी कॉम्प्युटर दोन्ही गाड्यांचं वजन बघून कोणती कधी सोडायची ते ठरवायचा. भरलेली आणि अर्धी रिकामी गाडी सारख्याच वेगानं जात नाही ना!

गाड्या धडकल्या नाहीत. पण एकीतून उडालेली वस्तू समोरून येणाऱ्याला लागली, तर तिथं दोन्ही वेगांची बेरीज होते. अशा वस्तूंमुळं प्रवासी जखमी झाल्यावर २०११ मध्ये दोन्ही गाड्या एकदम सोडणं कायमचं बंद झालं. ज्यासाठी राइड बांधली, तीच गंमत गेली.

ब्रेक डान्समध्ये एका हातानं रील काढणाऱ्यांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. हातातून सुटलेला फोन रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोक्यात बसू शकतो. सुटलेली ओढणी, पदर, मोकळे केस हेही मापात धरलेले नसतात.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोघांना मिळून एकच आडवा दांडा असेल, तर तो मोठ्या माणसाच्या पोटाला टेकून थांबतो. शेजारच्या सहा वर्षांच्या पोरापुढं मोकळी फटच राहते. वडील घट्ट बसलेले असतात, पोरगं नसतं.

मग मौत का कुआँ?

तिथं सगळं उलटं आहे. १० मीटर व्यासाचा कुआँ आणि टायर व फळीतलं घर्षण ०.६ धरलं, तर भिंतीवर टिकायला ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेग लागतो. स्वार बारीक असो की जाड, आकडा तोच. अंगावर स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट जोर येतो. पण काठापर्यंत किती वर जायचं आणि प्रेक्षकाच्या हातातली नोट घ्यायला किती जवळ जायचं, हे कुठल्याही लोखंडात बांधलेलं नाही. ते स्वाराच्या मनगटावर आहे. त्यामुळं तिथली हुकलेली धडक खरोखरच हुकलेली असते.

काळ्या मातीचा प्रश्न

इमॅजिकाचे खांब काँक्रीटच्या पायात रुतलेत. जत्रेतला ब्रेक डान्स दर मुक्कामी सुटा होतो आणि नव्या गावात पुन्हा जोडला जातो. शेकडो बोल्ट आणि पिना, खाली समतल करायला लाकडी ठोकळे. आणि जमीन असते मराठवाड्याची काळी माती, जी पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. चैत्रात अवकाळी पाऊस येणं आपल्याकडं नवीन नाही. एका बाजूचे ठोकळे दोन बोटं खचले तरी तबकडी कलते, एकाच बाजूच्या बेअरिंगवर भार येतो. खिळे-दोऱ्यांचं गणित खिळे जागेवर असेपर्यंतच खरं.

म्हणून राइड रोज सुरू करण्याआधी, आणि पाऊस पडून गेल्यावर तर नक्कीच, पिना व ठोकळे तपासून ती आधी रिकामी फिरवायची असते. तिकीट काढण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभं राहिलं तरी ती तशी फिरवली की नाही, हे दिसतं. दिसलं नाही तर चालवणाऱ्याला सरळ विचारायचं.