संगणकाच्या पडद्यावर विजेची लहर

विजेच्या दाबातील चढउतार पडद्यावर रेखाटून दाखविणारे उपकरण म्हणजे ऑसिलोस्कोप. काचनळीचा जुना ऑसिलोस्कोप महाग व अवजड असल्याने तो बहुधा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच राहिला. आता एक लहानशी पेटी व साधा संगणक मिळून तेच काम करतात. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने २००४ मध्ये ‘फिनिक्स’ प्रकल्प सुरू केला; त्यातूनच पुढे ‘एक्सपआईज’ ही पेटी तयार झाली. तिला संगणकातूनच वीज मिळते व तिचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. निर्मल जिल्ह्यातील (२०१६ पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील) भैंसा किंवा सीमेअलीकडील भोकर अशा ठिकाणच्या शाळांना ती उपयोगी पडण्यासारखी आहे. मात्र जुन्या यंत्रावर जे बटण फिरवून करावयाचे, ते येथे सॉफ्टवेअरमध्ये ठरवावे लागते. हे ठाऊक नसल्यास चांगली पेटीही बिघडलेली समजून कपाटात ठेवली जाण्याचा संभव असतो.

प्रथम मार्ग निवडावा. एक्सपआईज-१७ या पेटीवरील ए-१ व ए-२ हे मार्ग उणे १६ ते अधिक १६ व्होल्टपर्यंतचा दाब घेतात. ए-३ मात्र सुमारे ३.३ व्होल्टपर्यंतचाच. तार ज्या मार्गाला जोडली, तोच पडद्यावर निवडलेला असावा. त्यानंतर पल्ला. येथे हमखास फसगत होते. ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरसाठी ८ व्होल्टचा पल्ला पुरेल असे वाटते. परंतु ६ हा परिणामी दाब होय, लहरीचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ८.५ व्होल्टवर असते. परिणामी लहरीचा माथा कापल्यासारखा सपाट दिसतो. अशा वेळी १६ चा पल्ला घ्यावा.

आता ट्रिगर. संगणक ठरावीक काळातील नमुने घेऊन एक चित्र काढतो व ते पुसून दुसरे काढतो. प्रत्येक चित्र लहरीच्या निराळ्या बिंदूपासून सुरू झाले, तर लहर पडद्यावर धावत सुटते. हलत्या झोपाळ्याचे छायाचित्र तो पुढे जाताना नेमका मध्यावर आल्यावरच घेतले, तर सर्व छायाचित्रे सारखी येतील. ट्रिगर हेच करतो. कोणत्या मार्गावरील दाब, किती पातळी ओलांडून वर चढताना नोंद सुरू करावयाची, हे तो ठरवितो. वरील उदाहरणात पातळी शून्य व्होल्ट ठेवल्यास लहर स्थिर होते. ती १० व्होल्ट ठेवल्यास ८.५ व्होल्टचे शिखर तेथवर पोहोचतच नाही. मग काही उपकरणे खोळंबून राहतात, तर काही थोडी वाट पाहून वाटेल त्या क्षणी नोंद घेतात आणि चित्र पुन्हा धावू लागते. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० असल्याने एका लहरीस २० मिलिसेकंद लागतात. पडद्यावर ४० मिलिसेकंदांचा काळ घेतल्यास दोन पूर्ण लहरी दिसाव्यात.

घरगुती २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. ती वीज पेटीच्या कोणत्याही मार्गास कदापि जोडू नये. त्यात पेटी जाईलच, शिवाय जीवासही धोका आहे. तशी गरजही नाही. ए-३ ला एक लांब, वेष्टित तार जोडून तिचे मोकळे टोक वीजवाहिनीच्या केवळ जवळ, कोठेही स्पर्श न करता धरावे. तेवढ्यानेही ५० आवर्तनांची लहर पडद्यावर उमटते.