दहाची जुडी : घरच्या घरी अंकगणिताचा पाया

सहा-सात वर्षांच्या मुलास 'पंचवीस' लिहावयास सांगितले असता ते पुष्कळदा ५२ असे लिहिते. वडीलधारी माणसे यास निष्काळजीपणा समजतात, आणि चूक पुनःपुन्हा होऊ लागली की मुलास 'मठ्ठ' ठरवून मोकळी होतात. वस्तुतः त्याने जे ऐकले तेच लिहिलेले असते. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी येतात व वीस मागाहून. लिहिताना मात्र दशकाचा २ आधी मांडावा लागतो. हिंदीतील 'पच्चीस' आणि बंगालीतील 'पँचिश' यांची घडणही अशीच आहे. याउलट तेलुगूतील 'इरवै ऐदु' किंवा कन्नडमधील 'इप्पत्तैदु' यांत वीस आधी उच्चारले जातात. 'एकोणतीस' म्हणजे तर तिसाला एक उणा. 'तीस' ऐकून मुलाने ३९ लिहिले, तर नवल नाही.

२०१९ साली महाराष्ट्रातील इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले गेले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. परंतु शब्द कोणतेही असोत, त्यांच्यामागचे दशक व एकक मुलास दिसले पाहिजेत. ते दाखविण्यास घरासारखी जागा नाही.

काड्यांची मोजणी

खराट्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे करून ते मुलापुढे ठेवावेत. त्याने पंचवीस काड्या मोजाव्यात आणि दहा झाल्या की दोऱ्याने जुडी बांधावी. दोन जुड्या होतील व पाच काड्या सुट्या उरतील. जुड्या डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे ठेवून त्यांच्या खाली त्याच्याकडूनच २ आणि ५ हे अंक लिहवून घ्यावेत. मग ५२ काड्यांची मांडणी शेजारी करावी. दोहोंतील भेद सांगण्याची गरज उरत नाही.

वजाबाकीचेही असेच आहे. ४२ मधून १७ काढावयाचे आहेत. सुट्या काड्या दोनच. त्यांतून सात कशा जाणार? येथे मुलास थोडा वेळ विचार करू द्यावा. एक जुडी सोडावी, हे पुष्कळदा त्याचे त्यालाच सुचते. आता तीन जुड्या व बारा काड्या झाल्या. एक जुडी व सात काड्या उचलल्या की दोन जुड्या व पाच काड्या, म्हणजे २५ उरतात. बेरजेतील 'हातचा' म्हणजे नवी बांधलेली जुडी, हेही मग वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

दहा जुड्या एकत्र बांधल्या की शंभराचा भारा होतो. 'एकशे तीन' हे १००३ असे लिहिणाऱ्या मुलापुढे एक भारा व तीन काड्या ठेवाव्यात. मधली जुड्यांची जागा रिकामी आहे. ती राखण्यासाठी तेथे शून्य लिहावयाचे. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ज्या शून्याचे नियम मांडले, त्याची ओळख अशी जमिनीवर बसून होऊ शकते.

हात आणि कागद

तथापि केवळ वस्तू हाताळून भागत नाही. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा एक अभ्यास २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे त्याच्या लेखकांपैकी होत. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब मनातल्या मनात करणाऱ्या या मुलांना शालेय पद्धतीने मांडलेली उदाहरणे जड गेली. उलट, शाळेतील मुलांना बाजारचा हिशेब नीट साधेना. हातातले ज्ञान आपोआप कागदावर उतरत नाही आणि कागदावरचे हातात येत नाही. म्हणून प्रत्येक मांडणीखाली अंक लिहावेत, आणि लिहिलेल्या प्रत्येक अंकाची मांडणी करवून घ्यावी. दहा रुपयांच्या नोटा व एक रुपयाची नाणी घेऊनही हाच अभ्यास करता येतो.

यासाठी रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. पाढे जरूर म्हणवून घ्यावेत; परंतु उत्तर चुकले तर ओरडू नये, 'काड्या मांडून दाखव' इतकेच म्हणावे. मांडताना मूल आपली चूक स्वतःच शोधते. ज्या आईला स्वतःस लिहिता येत नाही, तिलाही हे एवढे निश्चित करता येईल. जुडी दहाची आहे की नाही, हे तिला मोजून पाहता येते.