पान्हा वाढतो तो पाजण्याने



लागण, खत, पाण्याच्या पाळ्या व तोडणी यांविषयी या पानांवर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे. पण महत्त्वाने मुळीच कमी नाही. घरात लेक किंवा सून बाळंत झाली, की आठ-दहा दिवसांत कुणी ना कुणी म्हणतेच, "हिला दूध पुरत नाही बघा." मग पावडरीचा डबा येतो, बाटली येते आणि महिन्या-दीड महिन्यात अंगावरचे दूध खरेच आटते. दूध कमी म्हणून बाटली आणली, असे घरचे सांगतात. पुष्कळ घरांत घडलेले असते ते उलटे. बाटली आली, म्हणून दूध कमी झाले.

गोठ्यातला नियम

बाईची बरोबरी जनावराशी करण्याचा आमचा हेतू नाही. पण दुधाचा नियम निसर्गाने सगळीकडे सारखाच ठेवला आहे. गाभण गाय आटवायची झाली की आपण काय करतो? धारा कमी करतो. कासेत दूध तुंबले की शरीर ओळखते, आता गरज नाही. आईचेही तसेच. बाळ जितक्या वेळा ओढेल आणि स्तन जितके रिकामे होतील, तितके नवे दूध तयार होते. रात्री एक बाटली पाजली, की तेवढे दूध अंगात तुंबते आणि शरीर तेवढे कमी बनवू लागते. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या लागतात. स्तन लहान की मोठे, याचा दूध पुरण्याशी संबंध नाही.

बाळ ओढू लागले की आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचा रस वाढतो. दूध बनवण्याचे काम त्याचे. तो रात्री जास्त असतो, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नये. दुसरा रस ऑक्सिटोसिन. पान्हा सोडण्याचे काम त्याचे. कायद्याने बंदी असताना काही जण म्हशीला चोरून टोचतात, ते इंजेक्शन याचेच. आईला त्याची गरज नाही. बाळाच्या ओढण्याने, कधी नुसत्या रडण्यानेही पान्हा फुटतो. मात्र दुखणे, काळजी आणि घरातले टोमणे यांनी तो अडतो. "तुला दूधच नाही" असे दिवसातून दहादा ऐकणाऱ्या बाईचा पान्हा मोकळा कसा व्हावा?

चीक टाकू नका

वासराला चीक पाजल्याशिवाय आपण राहत नाही. मग आपल्याच नातवंडाचा चीक पिळून का टाकावा? पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध थोडेच असते, पण बाळाला रोगापासून राखणारे असते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागते. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध उतरते. सिझेरियन झाले असेल तर कधी एखादा दिवस जास्त लागतो. तेवढ्यावरून "दूध नाही" असे ठरवू नये. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. मध, साखरेचे पाणी, घुटी काही देऊ नये. मध तर वर्षाच्या आत धोक्याचाच. सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. पाणी आईने तहान लागेल तेवढे प्यावे. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची चाल सोडून द्यावी.

दूध वाढवायचे कसे?

एक, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे. घड्याळ पाहू नये. बाळ तोंड वळवू लागले, मूठ चोखू लागले की घ्यावे. रडणे ही शेवटची खूण. सुरुवातीच्या दिवसांत बाळ झोपून राहिले, तर तीन तासांनी उठवून पाजावे.

दोन, पकड बरोबर हवी. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि नुसते बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात. पाजताना सारखे दुखत असेल, तर पकड चुकली आहे. बाळाला सोडवून पुन्हा लावावे.

तीन, एक बाजू पुरती पिऊन झाल्यावर दुसरी द्यावी. पाजून झाल्यावर हाताने दूध काढावे. अंगठा व बोटे काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे, मग एकमेकांकडे दाबावीत. बाळ अशक्त असेल, ओढत नसेल, तर दर दोन-तीन तासांनी असेच काढून स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. झाकून सावलीत ठेवलेले दूध चार तासांत वापरावे.

चार, बाळाला उघड्या छातीशी धरून बसावे. असे नेमाने केले, तर काही दिवसांत, फार तर आठवड्याभरात, बहुतेकींना फरक दिसतो.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी अवश्य खावी, पोटाला आधार होतो. पण लाडवाने पाजण्याची जागा भरून निघत नाही. आईला रोज एखादी भाकरी, वाटीभर आमटी, दूध-भाजी जास्त मिळावी आणि झोप मिळावी.

काट्यावर पाहा

उसाचे वजन कुणी नजरेने ठरवत नाही, काट्यावर ठरते. दुधाचेही तसेच. बाळ रडले म्हणजे उपाशीच, असे नाही. संध्याकाळी पुन्हापुन्हा पिणे हेही नेहमीचेच. पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी व पिवळी शी होत असेल, पहिल्या आठवड्यात थोडे उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून आले असेल, तर दूध पुरते आहे. आशाताई घरी येतात, त्यांच्याकडून वजन करून घ्यावे.

मात्र लघवी कमी, बाळ मलूल, ओढत नाही, अंग पिवळे, ताप किंवा अंग गार, वजन घटतच आहे, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. फार रक्तस्राव झालेला असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा थायरॉइडचा आजार असेल, तर काही आयांना दूध खरेच कमी येते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागले, तर त्यात आईचा दोष नाही.

पुरुष सभासदांना दोन शब्द

पाजणे आईचे, पण तिला सवड देणे आपल्या हाती आहे. पहिले चाळीस दिवस चूल, धुणे व पाहुणे यांतून तिला मोकळी ठेवा. आणि हंगामात आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बायकांतही ओली बाळंतीण असते. तिचे बाळ दूर कोपीत राहिले, तर तिचा पान्हा पंधरवड्यातच कमी होऊ लागतो. बांधावरच्या झाडाखाली झोळी बांधायला जागा द्या, प्यायला पाणी ठेवा, आणि बाळ उठले की तिला बसू द्या. गाडी अर्धा तास उशिरा भरेल. तेवढ्याने आपल्या उसाचे काही बिघडत नाही. त्या बाळाचे मात्र सगळे त्याच अर्ध्या तासावर असते.