शब्दांच्या पाऊलखुणा – लेखांक ९ : अडलेला घोडा आणि ‘रेस्टिव्ह’

गेल्या आठवड्यात ‘इम्पेशंट’ म्हणजे अधीर, या विशेषणाचा आपण विचार केला. त्याच्याच शेजारी वावरणारे, परंतु स्वभावाने निराळे असे ‘रेस्टिव्ह’ हे विशेषण आज घेऊ.

हा शब्द पाहताच विश्रांतीवाचक ‘रेस्ट’ आठवतो आणि ‘रेस्टलेस’ हे त्याचे सख्खे भावंड असावे असे वाटते, पण ‘रेस्टलेस’मधली विश्रांती जर्मानिक कुळातली, तर ‘रेस्टिव्ह’ हा मागे थांबून राहणे या अर्थाच्या लॅटिन ‘रेस्तारे’पासून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेला, आणि त्यातला ‘स्तारे’ आपल्या संस्कृत ‘स्था’ धातूचा सगोत्र. कितीही टाच मारली तरी जो पाऊल पुढे टाकीत नाही तो घोडा मूळचा ‘रेस्टिव्ह’, म्हणजे आपला अडेलतट्टू. परंतु अडलेले जनावर निमूट उभे राहत नाही. ते मान झटकते, आडवे होते, मागे सरते. आणि या चुळबुळीवरूनच, जो हलत नव्हता त्याचे विशेषण, ज्याला थांबणे सोसवत नाही त्याला लागू झाले. मराठीने मात्र ‘अडेल’ आणि ‘बिथरलेला’ अशी दोन नावे या दोन अवस्थांसाठी वेगळी राखली.

प्रयोगातले मर्म एवढेच, की ‘रेस्टिव्ह’ म्हणण्यास बाहेरचा अटकाव लागतो. झोपेविना तळमळत काढलेली रात्र ‘रेस्टलेस’. पण प्रमुख पाहुण्यांच्या प्रतीक्षेत ताटकळलेला श्रोतृवर्ग, किंवा नको असलेल्या अमलाखाली धुमसणारा प्रांत, हे ‘रेस्टिव्ह’. परगावाहून येणाऱ्या मुलाच्या भेटीसाठी आतुर झालेल्या आईला हे विशेषण लावणे ही चूक होय.

आमच्या गिरीजच्या हिराडोंगरीवर, जिथे वज्रगड आहे, उभे राहून वसईच्या किल्ल्याच्या दिशेला पाहताना हा भेद मला स्पष्ट होतो. १७३९ च्या वेढ्यात किल्ला हाती येईना, तेव्हा ‘मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझे मस्तक तरी आत पडू दे,’ अशा आशयाचे उद्गार चिमाजी अप्पांनी काढले, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली, तर ते अप्पा ‘इम्पेशंट’ होत. कारण हुकूम त्यांचाच होता आणि तळमळही त्यांचीच. याउलट, चढाईस सिद्ध असूनही सरदाराच्या हुकुमावाचून मोर्च्यात खोळंबलेली फौज कल्पावी, तर ती ‘रेस्टिव्ह’ होय. त्या वर्षीच्या मे महिन्यात तह होऊन वसई मराठ्यांच्या अमलाखाली आली आणि अधीर सेनापती व खोळंबलेली फौज या दोहोंचीही प्रतीक्षा संपली.

म्हणून वाचनात हा शब्द भेटला, की ज्याच्याविषयी तो योजला आहे त्याचा स्वभाव पाहण्याआधी, त्याचा लगाम कोणाच्या हाती आहे हे पाहावे.