वेशीवरची पेटी

दादरा आणि नगर हवेलीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो खटला चालला, तो जमिनीचा नव्हता, वाटेचा होता. दमणचा किनारा पोर्तुगालच्या ताब्यात, नगर हवेली आत डोंगराच्या पायथ्याशी, आणि मधला सगळा मुलूख भारताचा. दादरा तर नगर हवेलीपासूनही तुटलेलं. जुलै १९५४ मध्ये भारताने ही वाट अडवली, २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा मुक्त झालं आणि डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने जाण्यायेण्याच्या हक्काचा दावा लावला. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे होते. पेशव्यांशी झालेला १७७९ चा तह पुन्हा बाहेर निघाला. मराठ्यांनी ही गावं पोर्तुगीजांना दिली ती राज्य म्हणून की नुसत्या महसुलासाठी, याचा कीस काढला गेला आणि न्यायालयाने महसुलाच्या बाजूने कौल दिला. १२ एप्रिल १९६० चा निकाल थोडक्यात असा: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना भारताच्या देखरेखीखाली वाट आहे (११ विरुद्ध ४ मतं), सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना नाही (८ विरुद्ध ७), आणि वाट बंद करण्यात भारताने कोणतंही कर्तव्य मोडलेलं नाही (९ विरुद्ध ६).

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला हा निकाल ओळखीचा वाटेल. कुठून आला, कुठे चालला, सोबत काय आहे, एवढं पाहून सोडायचं किंवा अडवायचं. फायरवॉल नावाचं यंत्र हेच काम करतं, फक्त एका सेकंदात हजारो वेळा.

आजच्या सिल्वासात हे यंत्र शोधायला लांब जावं लागत नाही. पिपरिया, आमळी, मसाट, राखोली, खडोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत शिरा. करसवलतींच्या काळात इथे कारखाने आले, पॉलिएस्टर यार्नचा धंदा फोफावला आणि सवलती सरल्यावरही टिकला. राखोलीत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ऑप्टिकल फायबरच्या केबल बनवते, म्हणजे इंटरनेट ज्या तारेतून धावतं ती तारही इथे गुंडाळली जाते. माल बाहेर काढायचा तर नरोलीवरून भिलाड किंवा सरळ वापी. दोन्हीकडे काही मिनिटांत गुजरातची हद्द लागते. जीएसटीनंतर नाके गेले, पण १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरच्या मालाला हद्द ओलांडताना ई-वे बिल लागतं. ते पोर्टलवर निघतं. लाइन बंद तर बिल नाही, बिल नाही तर ट्रक गेटवर उभा. त्यामुळे अकाउंट्सच्या खोलीतल्या इंटरनेटवर आता डिस्पॅचही चालतो, आणि ते इंटरनेट एका पेटीतून येतं.

पेटी दिसायला अगदीच सामान्य असते. रॅकमध्ये बसणारी असेल तर पावणेदोन इंच उंच, पुढे केबल लावायच्या खाचांची रांग, मागे पंखे. लहान कारखान्यात ती टेबलावर मावणारी, बिनपंख्याची. ती एसी केबिनमध्ये असेल तर ठीक. टेक्स्चरायझिंगच्या शेडमध्ये गरम यार्नवरच्या तेलाचा धूर असतो आणि तिथे ठेवलेल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूवर चिकट थर बसतो. जागा वाचवण्यासाठी तिला तिकडे ढकलणाऱ्या मालकांना हे सांगून पटत नाही. ब्रॉडबँडच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन पेटीत शिरतात. एक पडली की पेटी दुसरीवर जाते. बहुतेक ठिकाणी तिच्या या एकाच गुणाचं कौतुक होतं.

तिच्या आत एक यादी असते. इंटरनेटवरून येणारी प्रत्येक गोष्ट पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांतून येते. तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक असतो. ४४३ म्हणजे सुरक्षित वेबसाइट, ३३८९ म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या हातात घेणं, ५०२ म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांची मॉडबस भाषा. पेटी यादी वरून खाली वाचते आणि पहिला जुळणारा नियम लावते. खाली काय लिहिलंय ते मग पाहतच नाही. शेवटची ओळ नेहमी एकच: वर ज्याचा उल्लेख नाही ते सगळं बंद. नियमांचा क्रम चुकला तर यादी उलटी चालते. वर ‘सर्वांना मुभा’ आणि खाली ‘अमुकाला बंदी’ लिहिलं असेल, तर ती बंदी कधीच अमलात येत नाही.

सुरुवातीच्या फायरवॉल एवढ्यावरच चालत. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं ठप्प केली आणि दारावर कुणीतरी असावं हे सगळ्यांना पटलं. पण पॅकेट एकेकटं तपासण्यात खोट होती: बाहेरून आलेलं उत्तर हे खरंच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे का, हे कळत नसे. इस्रायलच्या गिल श्वेड यांच्या चेक पॉइंट कंपनीने १९९४ मध्ये बाजारात आणलेल्या फायरवॉलने चालू संभाषणांची नोंद ठेवायला सुरुवात केली. आतून कुणी विचारलं असेल तरच बाहेरचं उत्तर आत. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तोवर ही कल्पना विकत मिळत होती. पुढच्या पिढ्यांनी पत्त्यावर न थांबता पाकीट उघडून मजकूर वाचायला सुरुवात केली. आता बहुतेक मजकूर कुलूपबंद येतो, त्यामुळे पेटीला तो वाचू द्यायचा की नाही हा नवा तंटा आहे.

सिल्वासाच्या दृष्टीने यातला सर्वांत जवळचा धागा अमदावादचा. तिथल्या एलिटकोअर कंपनीने सायबरोम नावाची फायरवॉल घडवली. तिची खुबी अशी की नियम कॉम्प्युटरच्या पत्त्यावर न लावता माणसाच्या नावावर लावता येत. ज्या कारखान्यात एकाच कॉम्प्युटरवर तीन पाळ्यांचे सुपरवायझर बसतात, तिथे हा फरक मोठा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसने सायबरोम विकत घेतली.

पुढची हकिगत सोफोसने स्वतःच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केली. ४ डिसेंबर २०१८ ला सायबरोमच्या मुख्यालयातलं एक यंत्र आतल्या नेटवर्कवर चाचपणी करताना सापडलं. ते ना सर्व्हर होतं, ना कुणा इंजिनिअरचा लॅपटॉप. भिंतीवर लावलेला मोठा पडदा चालवणारा एक साधा कॉम्प्युटर होता, फारसे अधिकार नसलेला, आणि त्यात घुसखोरांनी पाय रोवला होता. फायरवॉल बनवणाऱ्यांच्याच घरात. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते, कारण प्रत्येक कारखान्यात असा एक पडदा असतोच: रिसेप्शनमधला टीव्ही, सीसीटीव्हीची रेकॉर्डिंग पेटी, हजेरीचं अंगठ्याचं यंत्र. यादी लिहिताना त्यांची आठवण कुणालाच होत नाही.

एप्रिल २०२० मध्ये तर थेट पहारेकऱ्यावरच हल्ला झाला. सोफोसच्या एक्सजी फायरवॉलमध्ये तोवर कुणाला ठाऊक नसलेलं भोक होतं. देश टाळेबंदीत, कारखाने बंद, आणि पेट्या मात्र चालू. अमेरिकेच्या न्याय खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये ग्वान तिआनफेंग या चिनी नागरिकावरचं आरोपपत्र उघड केलं, त्यानुसार जगभरातल्या सुमारे ८१ हजार पेट्यांवर हा हल्ला झाला. हल्लेखोरांनी वापरलेल्या वेबसाइटचं नाव ‘सोफोस फायरवॉल अपडेट’ असं होतं. कुणाला संशयच येऊ नये. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. ज्यांनी आपोआप दुरुस्तीची सोय चालू ठेवली होती त्यांच्या पेट्यांत ती बसली. ‘अपडेट केलं की लाइन जाते’ म्हणून ती सोय बंद ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. पेटी हीसुद्धा एक कॉम्प्युटर आहे, तिलाही डागडुजी लागते, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

दारावरचा पहारा चोख असूनही आत काय होऊ शकतं, याचा धडा या पट्ट्याला न्हावा-शेवाने दिलेला आहे. २७ जून २०१७ ला तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल थांबलं. ते मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडून चालवलं जात होतं. नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एम-ई-डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता. म्हणजे आपल्याकडच्या टॅलीसारख्या रोजच्या, विश्वासातल्या गोष्टीतून. कुठल्याही फायरवॉलने त्याला अडवलं नसतं, कारण यादीत त्याला मुभा होती. एकदा आत आल्यावर त्याने कॉम्प्युटरच्या स्मृतीतले पासवर्ड उचलले आणि विंडोजच्या एका जुन्या भोकातून शेजारच्या यंत्रावर उडी मारली. त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. मर्स्कच्या कोपनहेगनमधल्या मुख्यालयापासून न्हावा-शेवापर्यंत मध्ये भिंत नव्हती. मुंबईला कंटेनरची कामं हातांनी, कागदावर करायची वेळ आली. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी पुढे सांगितलं की ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर १० दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कची मुख्य नोंदवही घानामधल्या एकाच यंत्रावर शाबूत राहिली होती, तीही हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती म्हणून. वीज जाण्याचे आभार मानण्याचा प्रसंग एरवी येत नाही.

म्हणून जाणकार लोक कारखान्याच्या आतही फायरवॉलकडून कप्पे पाडून घेतात. अकाउंट्सचा एक, सीसीटीव्हीचा दुसरा, यंत्रांचा तिसरा. यंत्रांचा कप्पा सर्वांत नाजूक, कारण मॉडबस ही १९७९ ची भाषा आहे आणि तिच्या मूळ रूपात पासवर्ड नावाची चीजच नाही. जो बोलेल त्याचं पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा कॉम्प्युटर, ऐकतं. तापमान वाढव म्हटलं की वाढवतं. या कप्प्यापर्यंत पोचायची वाट दोन-चार ठरलेल्या कॉम्प्युटरनाच असायला हवी. प्रत्यक्षात एकाच स्विचमध्ये सगळ्या केबल खोचलेल्या असतात. स्विच स्वस्त पडतो आणि काम होतं, हे त्याचं कारण.

दुसरं कारण ‘तात्पुरतं’. शेठ मुंबईला किंवा सुरतला असतात, त्यांना रात्री टॅली पाहायची असते. आयटीवाल्याला फोन जातो, तो ३३८९ बाहेरून खुला करतो. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला दुरून बिघाड पाहायचा असतो. आणखी एक ओळ. एखादं पोर्टल चालत नाही, ट्रक खोळंबलेत, घाईत सगळ्यांना सगळीकडे मुभा देणारा नियम सर्वांत वर टाकला जातो. काम होतं, ट्रक जातात. नियम राहतो. आयटीवाला बदलतो, नियम तरीही राहतो. पुढे कुणी हात लावायला धजत नाही, कारण तो काढल्यावर काय बंद पडेल ते कुणालाच सांगता येत नाही. खरा शेठ एव्हाना व्हीपीएनमधून, म्हणजे ओळख पटवून, येऊ लागलेला असतो. त्याच्यासाठी कधीकाळी उघडलेलं दार मात्र जगाला खुलं असतं आणि असे उघडे ३३८९ शोधत दिवसरात्र फिरणारे प्रोग्रॅम त्याच्यावर पासवर्ड घासत बसतात.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने हुकूम काढला: सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवायच्या. ६ तासांवर बराच आरडाओरडा झाला. माझ्या मते खरी मेख १८० दिवसांत आहे. लहान पेटीच्या पोटात इतक्या दिवसांच्या नोंदी सहसा मावत नाहीत. त्या दुसरीकडे उतरवून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी वेगळी डिस्क, वेगळा खर्च, मुख्य म्हणजे त्या वाचणारा माणूस लागतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ ला झाला. तो दुसरा शनिवार होता, बँका बंद होत्या. सुट्टी पाहूनच येणारे असे पाहुणे दिवाळीत कामगार गावाला गेल्यावर सिल्वासाच्या शेडकडे वळले, तर नोंदीत दिसतील, पण त्या कुणी उघडल्या तर.

नवी पेटी घेण्याआधी मालकाने एक करून पाहावं. जुन्या पेटीची यादी कागदावर छापून मागावी आणि प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणी मागितली, कधी, कशासाठी. काही ओळींना उत्तर मिळणार नाही. त्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी, एकेक करून बंद कराव्यात. ज्याचं काम खरोखर अडेल त्याचा फोन दुपारच्या आत येतो.