कोतवाल बुकातील शेजारी

आमचे गाव खालापूर तालुक्यात आणि कॉलेज कर्जतला. जातपडताळणीसाठी पणजोबांच्या जन्माची नोंद हवी होती, म्हणून मागच्या पावसाळ्यात वडिलांबरोबर मी एका सरकारी कचेरीत गेलो. लाल फडक्यात बांधलेले कोतवाल बुक पुढ्यात आले. गावचे जन्म-मृत्यू लिहिण्याचा हा गाव नमुना नंबर १४. अक्षर मोडी, वाचायला एक जाणकार गृहस्थ बरोबर नेले होते.

ते ओळीमागून ओळ मोठ्याने वाचू लागले. आधी मृत्यूची पाने लागली. तेथे कारणाचाही रकाना असतो : ताप, पटकी, देवी. एका ओळीला ‘महारोग’ आले. बापाचे नाव ऐकताच वडिलांनी घर ओळखले, आमच्या शेजारचेच! “घरी बोलू नकोस,” एवढेच ते म्हणाले. त्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती.

पुढे पणजोबा सापडले. अशा एका ओळीवर पुष्कळ अवलंबून असते. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडील ठाकूर मुलांच्या आज्यापणज्यांनी शाळाच पाहिलेली नसते; मग दाखला कोठला? तेव्हा बुके कुलुपात घाला, असे कोण म्हणेल?

कायदा मात्र चमत्कारिक आहे. माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम ८ मध्ये खासगी माहितीला संरक्षण आहे. परंतु त्याच कलमाच्या पोटकलम ३ प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला ते उरत नाही. उलट, १९४८ च्या कायद्याने जनगणनेची नोंदपत्रके कोणालाच पाहता येत नाहीत. ब्रिटनमध्ये ती शंभर वर्षांनी खुली होतात. आमच्या वाडीत वीस वर्षांत काय विसरले जाते? माणसे त्याच ओट्यावर बसलेली असतात.

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि पुढे अनेक जिल्ह्यांनी जुनी पाने स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवली. कित्येकांची पायपीट वाचली, हे खरेच. पण पान अख्खे दिसते. आपली ओळ एक, बाकी शेजाऱ्यांच्या. त्यापेक्षा गाव व नावाची सूची सर्वांना खुली ठेवावी आणि उतारा वारसाला त्याच्या ओळीपुरता द्यावा, असे मला वाटते. हाताने नक्कल उतरवून देण्याच्या जुन्या पद्धतीत हे आपोआपच साधत होते. आम्हाला मिळालेल्या नकलेत पणजोबांची तेवढी एकच ओळ आहे.